अमेरिकेतला जोडीदार आणि इमिग्रंट व्हिसा: लग्नाच्या दाखल्यापासून बीकेसीतल्या मुलाखतीपर्यंत

नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहे, लग्न झालं आहे आणि दुसरा जोडीदार भारतात आहे, अशांसाठी हा लेख आहे. लग्न अजून व्हायचं असेल तर के-१ हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा वेगळा असतो, त्याबद्दल इथे काही नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच ग्रीनकार्डचा अर्ज करायचा मनसुबा असेल तर तो सोडून द्या. प्रवेशाच्या वेळी खरा हेतू लपवला असं ठरलं तर फसवणुकीचा शिक्का बसतो, आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही.

मुलाखतीची धास्ती सगळ्यांनाच असते. पण प्रकरणं रखडतात ती बहुतेक कागदांपायी: नावाचं स्पेलिंग, जन्मदाखला, उत्पन्नाचा फॉर्म. म्हणून या लेखात कागदांना जास्त जागा दिली आहे.

कोणाला किती थांबावं लागतं

पिटिशनर, म्हणजे अमेरिकेतला अर्जदार, नागरिक असेल तर जोडीदार ‘इमीजिएट रिलेटिव्ह’ धरला जातो आणि व्हिसा क्रमांकाची रांग नसते. तो ग्रीनकार्डधारक असेल तर प्रकरण एफ-२ए वर्गात जातं. मग दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे मूळ अर्ज दाखल झाल्याची तारीख, येईपर्यंत थांबावं लागतं. मधल्या काळात पिटिशनर नागरिक झाला तर लगेच कळवा, प्रकरण वरच्या वर्गात जातं. मात्र एक मेख आहे. एफ-२ए मध्ये मुलं आईच्या किंवा वडिलांच्या अर्जावरच जाऊ शकतात. नागरिकाच्या अर्जात तशी सोय नाही. पहिल्या लग्नाचं मूल बरोबर न्यायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळा आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठीचा मूळ अर्ज, भरावा लागतो, आणि सावत्र नातं जोडणारं लग्न मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत झालेलं असावं लागतं.

व्हिसावर सीआर-१ छापलं जाईल की आयआर-१, हे लग्नाला किती काळ झाला यावर ठरतं. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीनकार्ड. पूर्ण झाली असतील तर आयआर-१ आणि दहा वर्षांचं कार्ड. व्हिसा सीआर-१ आहे, पण विमानतळावर उतरता उतरता दोन वर्षं भरली, असंही होतं. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवून वर्ग बदलून घ्या, म्हणजे पुढे ग्रीनकार्डवरची अट काढण्याची मोठी फाइल करावी लागत नाही.

सगळ्यात आधी: नाव ठरवा

हे काम लग्नाच्या आठवड्यातच करायचं, कारण पुढचा प्रत्येक कागद यावर उभा राहतो. आपल्याकडे मुलीच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये असतं, लग्नानंतर तिथे नवऱ्याचं नाव येतं आणि आडनावही बदलतं. बदलायलाच हवं असा अमेरिकन नियम नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला एवढ्यावर व्हिसा मिळतो, आणि नाव बदलायची निकड नसेल तर तसंच ठेवणं सर्वांत सोपं. बदलायचंच असेल तर क्रम पाळा: आधी लग्नाची नोंद, मग नव्या नावाचा पासपोर्ट, मग पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. पीसीसीवर पासपोर्ट क्रमांक असतो. पासपोर्ट नंतर बदलला तर आधीची पीसीसी वाया जाते.

पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर अमेरिकेच्या व्यवस्थेत ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं चिकटतं आणि ते पुढे बँकेत, लायसन्सवर, सगळीकडे छळतं. प्रक्रिया सुरू व्हायच्या आत आडनाव घालून घ्या.

फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो. त्यात माहेरचं पूर्ण नाव लिहायचं. काही घरांत लग्नात तांदळात नवं नाव लिहून सुनेचं पहिलं नावही बदलतात. ते नाव घरापुरतं राहिलं असेल तर प्रश्न नाही, पण रेशनकार्डावर, आधारवर किंवा राजपत्रात चढलं असेल तर तेही या रकान्यात यायलाच हवं. जन्मदाखल्यावर ‘सुनिता’ आणि पासपोर्टवर ‘सुनीता’ यांची इंग्रजी स्पेलिंग वेगळी असतील, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

लग्नाचा दाखला, जन्मदाखला आणि पीसीसी

महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून दाखला मिळतो. कोर्ट मॅरेज १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होतं आणि त्याला ३० दिवसांची नोटीस लागते. परदेशातून दोन आठवड्यांची रजा घेऊन येणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. गोव्यात देवळातला किंवा चर्चमधला विधी पुरत नाही. सिव्हिल रजिस्ट्रारसमोरच्या दोन्ही सह्या होऊन नोंद पक्की झाल्याचा उतारा लागतो. मंगल कार्यालयाची पावती किंवा भटजींचं पत्र यांनी दाखल्याचं काम होत नाही.

व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न असेल तर सावध राहा. दोघं एका जागी हजर नसताना झालेलं लग्न, त्यानंतर दोघं प्रत्यक्ष भेटून एकत्र राहिलेले नसतील तर, अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात धरलं जात नाही.

आधीचं लग्न मोडलं असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. स्टँपपेपरवर लिहिलेली फारकत किंवा जातपंचायतीतला काडीमोड यावर विसंबू नका. समाजात तो चालत असला तरी इथे तो सिद्ध करणं फार अवघड जातं आणि नव्या लग्नाच्या वैधतेवरच बोट ठेवलं जातं. पिटिशनरच्या आधीच्या घटस्फोटांचे कागदही तितकेच महत्त्वाचे, आणि ते विसरले जातात.

जन्मदाखल्यावर स्वतःचं नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख आणि जन्मस्थळ हवं. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते; ज्या कार्यालयात नोंद आहे तिथेच नाव लावून घ्यावं. नोंदच नसेल तर त्याच कार्यालयातून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचं आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला व आईवडिलांची किंवा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. जन्मतारखेचा घोळ असेल, म्हणजे शाळेत घालताना जून महिन्यातली तारीख लावली असेल, तर तो आत्ताच निस्तरा. ही जुनी सवय एका पूर्ण पिढीला आजही नडते.

फक्त मराठीत असलेल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकाराने खाली ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात’ असं लिहून नाव, पत्ता, तारीख आणि सही करायची असते. स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः करू नका.

पीसीसी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून काढायची, शुल्क ५०० रुपये, देश म्हणून अमेरिका निवडायचा. पोलीस ठाण्यातून मिळणारा चारित्र्याचा दाखला ही वेगळी गोष्ट आहे, तो चालत नाही. वयाच्या १६ वर्षांनंतर दुसऱ्या कुठल्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल, तर त्या देशाचाही पोलीस दाखला लागतो. दुबई, मस्कत, सिंगापूर, लंडनला नोकरी केलेल्यांनी हे काम महिने आधी सुरू करावं, कारण इथून तो मागवायला बोटांचे ठसे आणि साक्षांकन अशा पायऱ्या असतात. अमेरिकेत राहिला असाल तर तिथला दाखला मागत नाहीत.

पहिली पायरी: आय-१३०

हा अर्ज अमेरिकेतला जोडीदार यूएससीआयएस या तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करतो. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन शुल्क ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर आहे. भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. सोबत आय-१३०ए हा भारतातल्या जोडीदाराच्या माहितीचा फॉर्म, लग्नाचा दाखला, नागरिकत्वाचा किंवा ग्रीनकार्डचा पुरावा, आधीच्या घटस्फोटांचे कागद, दोघांचे फोटो आणि लग्न खरं असल्याचे पुरावे. भारतातल्या जोडीदाराचं नाव आणि पत्ता त्याच्या लिपीत लिहायचा रकाना असतो, तिथे देवनागरीत लिहा. मुलाखत कुठल्या वकिलातीत हवी या जागी ‘मुंबई’ लिहायचं. ‘अमेरिकेतच स्टेटस बदलणार’ हा भाग चुकून भरला तर मंजूर फाइल पुढे सरकतच नाही, आणि ती बाहेर काढायला महिने जातात.

पुरावे किती द्यावेत? ठरवून झालेल्या लग्नात साखरपुड्याआधीचा इतिहास फारसा नसतो आणि ते मुंबईच्या अधिकाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. त्यांना दिसायला हवं ते लग्नानंतरचं नातं: परत भेटायला आल्याची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के, फोनचा तपशील, अधूनमधूनचे चॅट, पाठवलेले पैसे, विमा किंवा भविष्य निर्वाह निधीत नॉमिनी म्हणून लावलेलं नाव. लग्नाचे फोटो १५–२० पुरेत, पण त्यांत दोन्हीकडचे आईवडील, भावंडं, पाहुणे दिसावेत. मागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावं लिहा. लग्नपत्रिका जरूर जोडा. चारशे पानांचं व्हॉट्सॲप छापून देऊ नका, ते कोणी वाचत नाही.

घरच्यांच्या विरोधामुळे फोटोत कोणी नातेवाईक नसतील, वयात मोठं अंतर असेल, घटस्फोटानंतर महिन्याभरात दुसरं लग्न झालं असेल, किंवा पहिल्या भेटीपासून लग्नापर्यंत चारच दिवस गेले असतील, तर त्याचं कारण एका पानात सरळ लिहा आणि पुढच्या भेटींचे पुरावे वाढवा. अशी फाइल हमखास बारकाईने पाहिली जाते.

मंजुरीला सध्या वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. या काळात टुरिस्ट व्हिसा मागितला तर तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी, कारण कायम राहायचा इरादा तुम्ही कागदावर दिलेलाच असतो.

एनव्हीसी: फी, डीएस-२६०, आय-८६४

मंजुरीनंतर फाइल न्यू हॅम्पशायर राज्यातल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) जाते. तिथून केस क्रमांक येतो, मुंबईच्या प्रकरणांत तो ‘बीएमबी’ने सुरू होतो. सीईएसी या व्हिसा अर्जांच्या सरकारी पोर्टलवर दोन शुल्कं भरायची: व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राचे १२० डॉलर. ही रक्कम अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच जाते, म्हणून हे काम तिकडच्या जोडीदाराने करावं. पैसे वळते व्हायला काही दिवस लागतात, त्यानंतरच फॉर्म उघडतो.

डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज भारतातला जोडीदार भरतो. वयाच्या १६ वर्षांपासूनचे सगळे पत्ते, गेल्या दहा वर्षांच्या नोकऱ्या, गेल्या पाच वर्षांतले फोन, ईमेल आणि सोशल मीडियाची खाती, आधी नाकारलेले व्हिसा. होस्टेलचा पत्ता आणि सहा महिन्यांची पहिली नोकरीसुद्धा लिहा. विद्यार्थी असताना व्हिसा नाकारला होता हे लपवणं म्हणजे स्वतःहून खड्ड्यात उडी, कारण ती नोंद त्यांच्याकडे असतेच. शेवटी सोशल सिक्युरिटी कार्ड हवं का, आणि त्यासाठी माहिती देण्यास संमती आहे का, असे दोन प्रश्न येतात; दोन्हींना ‘हो’ म्हणा. फॉर्म पाठवला की कुलूपबंद होतो. चूक सापडली तर एनव्हीसीला सांगून उघडून घ्या, नाहीतर मुलाखतीत आपणहून सांगा.

स्कॅन रंगीत हवेत, आणि कागदाच्या मागे शिक्का किंवा सही असेल तर मागची बाजूही. एका दाखल्याची सगळी पानं भाषांतरासह एकाच फाइलमध्ये. मोबाइलवर सावली पडलेले फोटो परत येतात, आणि प्रत्येक फेरीत आठवडे जातात.

आय-८६४, म्हणजे आर्थिक हमीपत्र, मात्र नीट बसून भरण्याचा फॉर्म आहे. पिटिशनरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन जणांच्या कुटुंबाला ही रक्कम २६,४३७ डॉलर होती. अलास्का आणि हवाईसाठी जास्त असते, आणि तक्ता दरवर्षी बदलतो. कुटुंब मोजताना पिटिशनर, येणारा जोडीदार, कर विवरणात दाखवलेले अवलंबित, आणि पूर्वी ज्यांना आय-८६४ वर आणलं ते, उदाहरणार्थ आईवडील, हे सगळे धरायचे. हा आकडा चुकतो म्हणून कितीतरी फॉर्म परत येतात.

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट, ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदारासाठी पाचपट. म्हणजे नागरिकाचा पगार २०,००० डॉलर असेल तर तूट ६,४३७, आणि १९,३११ डॉलरची मालमत्ता दाखवायची. पुण्यातला फ्लॅट चालू शकतो, पण तो पिटिशनरच्या किंवा व्हिसा घेणाऱ्याच्या नावावर हवा, वर्षभरात विकून पैसा बाहेर नेता येईल असे कागद हवेत आणि कर्ज वजा केलेलं हवं. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे हमी देणारा आणखी एक माणूस. तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच लागतो. साताऱ्याचे सासरे कितीही मोठे बागायतदार असले तरी ते होऊ शकत नाहीत. ज्यांना स्पॉन्सर व्हायला सांगाल त्यांना हेही सांगा की घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाइतके ४० क्वार्टर (तिमाही) भरेपर्यंत ती राहते.

पुरावा म्हणून आयआरएस या अमेरिकन कर खात्याचं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कर विवरणाचा उतारा, सर्वांत चांगलं, ते फुकट मिळतं. नवी नोकरी असेल तर पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं पत्र जोडा. पिटिशनर सध्या भारतात राहत असेल तर अमेरिकेत परत घर करणार असल्याचे पुरावे लागतात: भाडेकरार, नोकरीची ऑफर, मुलांच्या शाळेतले प्रवेश.

सगळं पास झालं की ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’ असा संदेश येतो. मग मुलाखतीची तारीख एनव्हीसीच देते. ती आपण निवडायची नसते. १ नोव्हेंबर २०२५ पासून नियम असा की मुलाखत नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच व्हावी.

मेडिकल

वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच तपासणी करायची, आणि ती मुलाखतीच्या आधी. शारीरिक तपासणी, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवीच्या चाचण्या आणि लसी. लहानपणीचं लसीकरणाचं पुस्तक सापडलं तर घेऊन जा. नाहीतर गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांच्या लसी पुन्हा टोचतात.

खरा धोका एक्स-रेचा. पूर्वी क्षयरोग झाला असेल, बरा झालेला असला तरी, फुप्फुसावरचा व्रण दिसतो. मग तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि त्यांच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहायला, आठ आठवडे लागतात. जुने एक्स-रे आणि उपचाराचे कागद बरोबर न्या. असा इतिहास असेल तर मेडिकल लवकर उरका, पण फार लवकरही नाही. अहवाल सहसा सहा महिने चालतो आणि व्हिसाची मुदत त्यालाच बांधलेली असते. अहवालाचं पाकीट तुमच्या हातात दिलं तर ते उघडू नका.

बायोमेट्रिक आणि मुलाखत

तारखेचं पत्र आलं की व्हिसा वेळापत्रकाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची, मुलाखतीच्या आधीच्या एखाद्या दिवसाची बायोमेट्रिकची वेळ घ्यायची आणि पासपोर्ट कुठून घेणार ते नोंदवायचं.

मुलाखत मुंबईत बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. वेळेच्या खूप आधी जाऊन उपयोग नाही, आत सोडत नाहीत. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, बॅग काहीही नेता येत नाही, म्हणून बरोबर कोणीतरी बाहेर थांबणारं असावं. पिटिशनरने अमेरिकेहून येणं सक्तीचं नाही.

पारदर्शक फोल्डरमध्ये न्यायचं: पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट, तारखेचं पत्र, डीएस-२६० चं पुष्टीपत्र, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन बाय दोन इंचाचे चष्म्याशिवायचे फोटो, अपलोड केलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत आणि झेरॉक्स, आय-८६४ आणि ताजं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, लग्नाचे फोटो. पहिल्या खिडकीवर कर्मचारी कागद घेतात, नंतर अधिकारी शपथ देऊन प्रश्न विचारतात. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोलेन असं सुरुवातीलाच सांगा. अर्धवट इंग्रजीतून उत्तर भलतीकडे जाण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न साधे असतात. स्थळ कोणी आणलं किंवा कुठे भेटलात, पहिली भेट कुठे, लग्नाला कोण आलं होतं, लग्नानंतर किती दिवस एकत्र होता, तो काय काम करतो, कुठल्या शहरात राहतो, घरात अजून कोण आहे, त्याचं आधी लग्न झालं होतं का. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ठरलं असेल तर तसंच सांगा. त्याला प्रेमकथेचा मुलामा द्यायला जाल तर फसाल. पगार नक्की माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. नवऱ्याच्या आधीच्या लग्नाबद्दल बायकोला काहीच ठाऊक नाही, हे मात्र अधिकाऱ्याला खटकतं. आदल्या रात्री दोघांनी आपली फाइल एकदा सोबत वाचावी. एजंटने दिलेली पाठ उत्तरं ऐकल्याबरोबर ओळखू येतात.

मंजूर झालं तर पासपोर्ट ठेवून घेतात. २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडकल्याची चिठ्ठी मिळाली तर घाबरू नका, पण ती नीट वाचा. कागद मागितला असेल तर सांगितलेल्या पद्धतीने लवकर द्या. वर्षभरात दिला नाही तर अर्ज आणि फी पुन्हा. ‘प्रशासकीय प्रक्रिया’ लिहिलं असेल तर हातात काही नसतं. तोपर्यंत नोकरीचा राजीनामा, घर रिकामं करणं, तिकीट काढणं, यातलं काही करू नये.

व्हिसा हातात आल्यावर

नाव, जन्मतारीख, वर्ग आणि मुदत लगेच तपासा. यूएससीआयएसची २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा. ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. प्रवेशाचा शिक्का बसला की व्हिसाचं ते पान एक वर्ष ग्रीनकार्डचं काम करतं, म्हणून कार्ड येण्याआधीही नोकरी करता येते. पोस्टपेटीवर नवीन माणसाचं नाव चिकटवा, नाव दिसलं नाही तर कार्ड परत जाऊ शकतं.

सीआर-१ वर गेलेल्यांनी कार्डावरची मुदत कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी. ती संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा ग्रीनकार्डवरची अट काढण्याचा अर्ज भरायचा असतो. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून दोघांच्या नावाचे कागद तयार करा: बँक खातं, भाडेकरार, एकत्र कर विवरण, गाडीचा विमा.